कचरा उचलण्याच्या ठेक्यांचे मूल्यमापन : उजनीकाठच्या गावांच्या दृष्टीने

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या कामास १९६६ साली प्रारंभ झाला आणि १९८० साली ते पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. मात्र तिच्यामागे पसरलेला जलाशय करमाळा, माढा, इंदापूर आणि कर्जत ह्या तालुक्यांच्या सीमा ओलांडीत दूरवर वर चढत गेला आहे. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा आहे. ह्या पाण्यावर लाखो एकर ऊस आणि केळी उभी असते, सोलापूर शहराची तहान त्यावरच भागते, आणि काठावरील अनेक गावांना पिण्यासाठी दुसरा भरवशाचा आधार नाही.

हे पाणी येते कोठून, हे पाहिले म्हणजे प्रस्तुत विषयाचा उजनीशी असलेला संबंध ध्यानात येतो. पवना नदी दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा आणि मुठा पुण्यात एकत्र येतात, इंद्रायणी तुळापूर येथे भीमेत मिसळते आणि मुळा-मुठेचा संयुक्त प्रवाह रांजणगाव सांडस येथे भीमेस येऊन मिळतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन्ही महानगरे अशा रीतीने उजनीच्या पाणलोट क्षेत्रात वसलेली आहेत. शहरातील ओढ्याच्या काठी जे टाकले जाते, ते पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून नदीत आणि नदीतून जलाशयात उतरण्याचा मार्ग मोकळा असतो. पुण्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने आपला कचरा कोणास, कोणत्या अटींवर आणि किती दराने सोपविला, हा कंदर, कुगाव किंवा पळसदेवच्या रहिवाशास वरकरणी परका वाटणारा प्रश्न वस्तुतः त्याच्याही दाराशी येऊन पोचतो.

येथे प्रमाणाचे भान सुटू देता कामा नये. उजनीच्या पाण्याची जी अवनती झाली आहे, तिचे मुख्य कारण शहरांचे अपुऱ्या प्रक्रियेचे सांडपाणी आणि कारखान्यांचे उत्सर्ग हे होय. जलपर्णी फोफावते ती त्या पाण्यातील पोषकद्रव्यांवर. घनकचऱ्याचा वाटा त्या मानाने लहान आहे. परंतु सांडपाण्याचा प्रश्न कोट्यवधी रुपयांच्या प्रक्रिया केंद्रांवाचून सुटत नाही, तर सदनिकांच्या कचऱ्याचा ठेका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, शे-दीडशे माणसांच्या निर्णयाने बदलता येतो. लहान असूनही हाताशी असलेला असा हा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा काटेकोर विचार होणे अगत्याचे आहे.

कचरा उचलण्याचा ठेका देणारा ग्राहक प्रत्यक्षात दोन सेवा विकत घेत असतो. पहिली, कचरा दारापासून दूर नेण्याची. दुसरी, तो योग्य ठिकाणी पोचवून त्याची नीट वासलात लावण्याची. पहिली सेवा डोळ्यांना दिसते. गाडी आली नाही तर दुपारपर्यंत जिन्यात वास सुटतो आणि चिटणिसांकडे तक्रारींची रीघ लागते. दुसरी सेवा फाटकाबाहेर, कोणी पाहत नसताना घडते. दुधात पाणी घातले तर ते गृहिणीला पातेल्यात कळते; कचरा प्रक्रिया केंद्रावर गेला की पुलाखाली ओतला गेला, हे त्याच गृहिणीला वर्षानुवर्षे कळत नाही. दोन्ही सेवांचे पैसे देऊन एकीचीच पडताळणी करावयाची, हा ह्या व्यवहारातील मूळ दोष आहे. दोन निविदांची तुलना केवळ दरावरून केली जाते तेव्हा हा दोष दृढ होतो. कारण दर कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे न दिसणारी सेवा वगळणे.

मोबदल्याचे एकक कोणते धरले आहे, ही मूल्यमापनातील पहिली आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित बाब होय. प्रत्येक एकक ठेकेदारास काहीतरी शिकविते. मोबदला वजनावर असेल तर वजन वाढविणे हिताचे ठरते. मग ओला व सुका कचरा एकत्र होणे, त्यात पावसाचे पाणी मुरणे, प्रसंगी राडारोडा मिसळणे ह्यांपैकी कशालाच ठेकेदाराची हरकत उरत नाही. मोबदला खेपांवर असेल तर गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात. महिन्याची ठोक रक्कम ठरली असेल तर जितके काम कमी तितका नफा अधिक. असा ठेकेदार सुटीचा दिवस सहसा चुकवीत नाही. घरटी दर ठरविला आणि तो प्रत्येक कुटुंबाने सेवा देणाऱ्यास थेट द्यावयाचा असला, तर रोज येणे हे त्याच्या हिताचे होते, कारण न आल्याचा जाब त्याच दारात द्यावा लागतो. तथापि ह्याही पद्धतीत वसुलीचा भार दुर्बल पक्षावर पडतो, आणि तिसऱ्या मजल्यावरील बंद दार महिनोन्‌महिने उघडत नाही. निर्दोष असे एकक नाही. कोणत्या दोषावर लक्ष ठेवणे संस्थेला शक्य आहे, हे ओळखून एककाची निवड करावयाची असते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका गृहनिर्माण संस्थेत १२० सदनिका असून प्रत्येकीत सरासरी चार माणसे राहतात. माणशी दररोज ४०० ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला १९२ किलोग्रॅम आणि तीस दिवसांत ५,७६० किलोग्रॅम कचरा होतो. त्यात निम्मा ओला धरण्यास हरकत नाही. संस्थेपुढे दोन निविदा आल्या आहेत. पहिला ठेकेदार घरटी ४० रुपये, म्हणजे महिना ४,८०० रुपये मागतो आणि सर्व कचरा एकत्र नेऊन ‘योग्य ठिकाणी’ टाकण्याचे आश्वासन देतो. दुसरा घरटी ७५ रुपये, म्हणजे ९,००० रुपये मागतो. तो कचरा वेगवेगळा घेणार, ओल्याचे आवारातच खत करणार आणि सुका वजन करून वर्गीकरण केंद्रावर देणार आहे. सर्वसाधारण सभेत पहिल्याची सरशी होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता पहिल्या दराचा पडताळा घेऊ या. १२० दारांचा कचरा घेण्यास दोन माणसांना रोज दीड तास लागतो असे मानले तर महिन्याचे नव्वद तास, म्हणजे आठ तासांचे सव्वाअकरा दिवस होतात. उदाहरणापुरती रोजची मजुरी ५०० रुपये धरली तर केवळ मजुरीच ५,६२५ रुपये होते. गाडी, इंधन, हातमोजे आणि ठेकेदाराचा नफा ह्यांचा तर अद्याप विचारही झालेला नाही. म्हणजे ४,८०० रुपयांत हे काम सरळपणे होऊच शकत नाही. तूट भरून काढण्याचे मार्ग तीन : मजुरास कमी देणे, भंगार विकणे, किंवा कचरा वाटेतच जवळच्या जागी टाकून इंधन वाचविणे. त्यातील भंगाराचा मार्ग उचित असला, तरी ओल्या कचऱ्यात भिजलेल्या कागदास बाजारात किंमत येत नाही. एकत्र कचरा नेणाऱ्याने तो मार्ग स्वतःच बंद केलेला असतो. उरले दोन. त्यांपैकी एकाची किंमत सफाई कामगार देतो आणि दुसऱ्याची नदीकाठ. सदनिकाधारकाने दरमहा वाचविलेले पस्तीस रुपये नाहीसे झालेले नसतात. ते दुसऱ्याच्या खाती नावे पडलेले असतात.

म्हणूनच निविदा उघडल्यावर सर्वांत कमी दर कोणता, ह्यापूर्वी हा दर प्रामाणिकपणे परवडणारा आहे काय, हे विचारले पाहिजे. हा हिशेब करण्यास तज्ज्ञ लागत नाही. अर्धा तास आणि एक कागद पुरतो.

पुण्यात ह्या संदर्भात झालेला एक प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्याचा मोठा हातभार होता. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर गाव सोडून शहरात आलेली अनेक कुटुंबे त्यांत होती. ह्याच संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्याची रचना अशी : कचरावेचक घरोघर जाऊन कचरा वेगवेगळा घेईल; कुटुंब तिला दरमहा ठराविक शुल्क देईल; विकण्याजोग्या सुक्या मालाचे उत्पन्न तिचे राहील; महानगरपालिका साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च सोसेल व उरलेला कचरा पुढे नेईल. २०१६ साली पुन्हा पाच वर्षांसाठी करार करण्यात आला.

आर्थिक दृष्ट्या ह्या रचनेचे मर्म शुल्कापेक्षा भंगाराच्या हक्कात आहे. कचरा वेगळा ठेवणे ही इतर ठेक्यांत ठेकेदारावर लादलेली अट असते. येथे तो कचरावेचकाचा स्वार्थ आहे. कोरडा, स्वच्छ पुठ्ठा तिला पैसे देतो, भिजलेला देत नाही. म्हणून ओला-सुका एकत्र करणाऱ्या घराशी ती स्वतःच हुज्जत घालते. कोणत्याही निरीक्षकाची नेमणूक न करता निरीक्षण होते. शिवाय जो माल तिने वेचून विकला, तो ओढ्यात जाण्याची शक्यता उरत नाही.

तथापि हा करार निर्वेध चालला असे नव्हे. भंगाराचे भाव पडले की उत्पन्न पडते. ज्या बाटलीला किंवा वेष्टनाला भावच नाही, तिच्याविषयी आस्था कशी वाटावी? शुल्क थकविणारी कुटुंबे असतात, आणि झोपडपट्ट्यांत ते वसूल करणे विशेष कठीण जाते. २०२० अखेर दुसऱ्या कराराची मुदत संपल्यानंतर काही काळ अल्प मुदतवाढींवर काम चालले. पुढील महिन्याची शाश्वती नसलेल्या सेवेकडून दीर्घ सुधारणेची अपेक्षा धरता येत नाही. ठेक्याची मुदत हीदेखील मूल्यमापनाची बाब आहे, ती ह्यासाठी. अकरा महिन्यांचा ठेका घेणारा खताचे पिंप विकत घेणार नाही.

कचरा जातो कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या बाबतीत बराच काळ एकच होते : उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तेथील डेपोमुळे विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे कठीण झाले, आणि ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने करून २०१५ च्या आरंभी शहराच्या गाड्या अडविल्या. त्या दिवसांत शहरातील चौकाचौकांत कचरा साचला, तेव्हा कोठे अनेक गृहनिर्माण संस्थांना आपला कचरा फाटकाबाहेर ‘जातो’ म्हणजे कोणाच्या तरी गावात जातो, ह्याचा साक्षात्कार झाला. उरुळीचे ग्रामस्थ गाडी अडवू शकले, कारण गाडी त्यांच्या रस्त्याने येत होती. उजनीकाठच्या गावकऱ्यांना तीही सोय नाही. नदी अडविता येत नाही.

कायद्यानेही त्यांची बाजू अवघड आहे. करारात पक्षकार नसलेल्या व्यक्तीस सामान्यतः त्या कराराच्या आधारे दावा करता येत नाही, हे आपल्याकडील करारविषयक कायद्याचे प्रस्थापित तत्त्व आहे. गृहनिर्माण संस्था आणि ठेकेदार ह्या दोघांत झालेल्या कराराचा भंग झाला, आणि त्याचे फळ कुगावच्या कोळ्याच्या जाळ्यात आले, तरी तो त्या कराराकडे बोट दाखवू शकत नाही. त्याला जावे लागते ते प्रदूषणविषयक कायद्यांकडे, मंडळांकडे आणि न्यायाधिकरणांकडे. तेथे अमुक पिशवी अमुक इमारतीची होती, हे सिद्ध कसे करावयाचे? म्हणून तिऱ्हाइताचे संरक्षण करारभंगानंतर शोधण्यापेक्षा कराराच्या कलमांतच ते आधी घालून ठेवणे अधिक फलदायी होय. ही कलमे घालण्याचा अधिकार मात्र वरच्या अंगाच्या ग्राहकाकडेच आहे.

अशी कलमे फार नाहीत, पण नेमकी हवीत. ‘योग्य ठिकाणी विल्हेवाट’ हे शब्द निरुपयोगी आहेत. ठिकाणाचे नाव लिहिले पाहिजे, आणि तेथील वजनपावती महिन्याच्या देयकासोबत जोडल्याखेरीज रक्कम अदा करू नये. संस्थेच्या फाटकावर महिन्यातून एक-दोनदा, आगाऊ सूचना न देता, वजन करून ते पावतीशी ताडून पाहावे. फाटकावर १९० किलोग्रॅम आणि केंद्रावर ६० अशी तफावत निघाली तर उरलेले कोठे गेले, हे विचारण्याचा हक्क करारात असावा. दंडाची रक्कम ठरविताना बहुतेक संस्था उत्साहाने मोठे आकडे लिहितात. असा दंड कधीच वसूल होत नाही, कारण तो लावला तर ठेकेदार काम सोडून जाईल ही भीती असते. न आलेल्या प्रत्येक दिवसाची किंवा पावती नसलेल्या प्रत्येक खेपेची लहानशी कपात, देयकातूनच आपोआप होणारी, हीच अधिक परिणामकारक ठरते. कामगारांचे हातमोजे, आठवड्याची सुटी आणि बदली माणूस ह्यांचा उल्लेख करारात नसेल, तर तो खर्च दरात धरलेला नाही असे खुशाल समजावे. दिवाळीच्या आठवड्यात आणि गणेशोत्सवात कचरा वाढतो. त्या दिवसांची जादा खेप कोणाच्या खर्चाने, हे न लिहिल्यामुळे दरवर्षी तेच भांडण होते.

८ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी शंभर किलोग्रॅमहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरविले, आणि जैविक कचऱ्याची शक्यतो आवारातच वासलात लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वरील कल्पित संस्था १९२ किलोग्रॅम कचरा करते; त्या कसोटीने ती ह्या वर्गात मोडेल. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून ठेका करताना त्या दिवशी अमलात असलेला नियम पाहून घ्यावा. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, ठेका दिल्याने जबाबदारी ठेकेदाराकडे जात नाही. स्वस्त निविदेची तुलना खतासह असलेल्या निविदेशी करताना, पहिलीत नसलेल्या खताचा खर्च संस्थेने स्वतःच्या माथी धरूनच बेरीज केली पाहिजे. ती केली की ४० आणि ७५ ह्यांतील अंतर पुष्कळ कमी होते.

एव्हाना शहराचीच चर्चा झाली. परंतु उजनीकाठची गावे आता स्वतःही ह्या बाजारात ग्राहक म्हणून उतरली आहेत. टेंभुर्णी आणि भिगवण ही गावे नावापुरती खेडी राहिली असून तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत, आणि लहान ग्रामपंचायतींतही घंटागाडी फिरू लागली आहे. धरणापूर्वीच्या गावात प्रत्येक घराचा उकिरडा असे. शेण, राख, केरकचरा त्यात पडे आणि वर्षअखेर तो गाडीने शेतात जाई. त्या व्यवस्थेत ठेकेदार नव्हता, कारण कचरा हा माल होता. धरणात गावे गेली, नव्या गावठाणात आखीव भूखंड मिळाले, आणि उकिरड्याची जागा आराखड्यात राहिली नाही. पुढे कचऱ्याचे स्वरूपही पालटले. केळीच्या घडांवरील प्लास्टिकची आवरणे, ठिबकाच्या फाटलेल्या नळ्या, कीटकनाशकांच्या बाटल्या ह्यांचे उकिरड्यात काही होत नाही. ह्यांतील औषधांच्या बाटल्या घरगुती कचऱ्यात मिसळू देणे धोक्याचे आहे, आणि घंटागाडीच्या ठेक्यात त्यांचा वेगळा उल्लेख असणे आवश्यक आहे.

शहराचा नमुना गावाने जसाच्या तसा उचलू नये. गावातील ओला कचरा बहुतांशी घरीच, परसात किंवा गोठ्यामागे जिरतो. रोजची गाडी नेते ती मुख्यतः हवाच. रोजच्या खेपेचा ठेका देण्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा केवळ सुका कचरा नेण्याचा ठेका द्यावा, आणि तो चार-पाच शेजारच्या गावांनी मिळून द्यावा, म्हणजे भंगाराचे वजन एका गाडीपुरते भरते आणि व्यापाऱ्यालाही येणे परवडते. वस्त्या शेतांवर विखुरलेल्या असल्याने घरटी दर येथे फसवा ठरतो; गाडीला लागणारे किलोमीटर हाच खरा खर्च असतो.

गावांच्या ठेक्यात एक बाब अशी आहे की जी शहरातील कोणत्याही नमुन्यात सापडणार नाही. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. जेमतेम सहा मीटरांच्या ह्या थरात ५३ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावते. जलाशय उथळ आणि पसरट असल्याचे हे लक्षण होय. पाणी मीटरभर उतरले तरी काठाची मोठी पट्टी उघडी पडते. धरण ‘उणे’ जाते, म्हणजे मृत साठ्यातूनही पाणी उचलले जाते, तेव्हा ही पट्टी आणखी रुंदावते; २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी काठापासून दूरची, ओसाड आणि कोणाचीही नसलेली दिसणारी ही जमीन घंटागाडीला सर्वांत सोयीची वाटते. वैशाखात तेथे रिकामी केलेली गाडी श्रावणात पाण्याखाली असते, आणि तेच पाणी पुढे गावाच्या नळाला येते. म्हणून काठावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या ठेक्यात कचरा टाकण्याच्या जागेचा गट क्रमांक लिहावा, ती जागा पूर्ण संचय पातळीच्या वर आणि ओढ्यापासून दूर असल्याचे मोजणीने ठरवून घ्यावे, आणि मे महिन्याच्या अखेरीस, पाणी चढण्यापूर्वी, काठाची पाहणी केल्यावाचून ठेकेदाराचे त्या महिन्याचे देयक मंजूर करू नये.